आधी उचल

दार अडीच फुटांचं, सोफा अकरा फुटांचा.
कुडाळहून टेम्पोत पाच तुकडे आले
आणि देवबागच्या अर्ध्या वाडीने रस्त्यात उभं राहून
एकमताने ठरवलं: जावचो नाय.

इनास सुताराने एकेक तुकडा आडवा करून आत नेला,
मग उलटा पाडून मला त्याचं पोट दाखवलं.
एकाला लोखंडी आकडा, दुसऱ्याला खाच.
"ओढू नको गो बाय.
ओढलंस तर जास्तीच घट्ट बसता.
आधी उचल, मगे आपसूक सुटता."

त्याने जोडून दिला तसाच दोन महिने राहिला,
खिडकीकडे पाठ, टीव्हीकडे तोंड.
कोपऱ्याच्या तुकड्यावर विद्याधर
पाय लांब करून शारजाच्या टगबद्दल बोलायचा.
मग त्याच टगवर गेला. करार नऊ महिन्यांचा,
पुढे चौदा झाले.

पहिल्यांदा सोडवला तो अस्मीच्या तापात.
दोन तुकडे समोरासमोर आणून होडी केली,
तीन रात्री ती त्यात, मी जमिनीवर,
एक हात काठावरून आत सोडलेला.

नंतर हातच बसला.
बचत गटाच्या बायका आल्या की गोल,
सांगलीचे पाहुणे उतरले की सरळ रांग,
आणि एका संध्याकाळी काहीच कारण नसताना
सगळे तुकडे पाच दिशांना,
मी मध्ये चटईवर बसून कोळंबी सोलली.
कोपऱ्याचा तुकडा तेवढा कुठे ठेवावा कळेना.
पाठी दोन, हात एकही नाही.
एकटा असला की तो काहीतरी विसरल्यासारखा दिसतो.

कर्लीच्या मुखाशी वाळूचा दांडा दर वर्षी सरकतो.
गेल्या साली जिथून होडी सुटली
तिथे यंदा पर्यटक गुडघाभर पाण्यात फोटो काढतात.
तांडेल शिव्या देतात
आणि बांबू टोचत टोचत नवी वाट शोधतात.
जुनी वाट कुणी चोरली, असं कुणी विचारत नाही.

विद्याधर आला तो रात्री अडीचला, न कळवता.
वीज नव्हती. बॅग दारात ठेवून
चौदा महिन्यांपूर्वीच्या नकाशाने चालत गेला
आणि नडगी आपटली.
"आवशीक खाव! सोफो कोणी हलवलो?"
"मी."
"कित्याक?"
मेणबत्ती सापडेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही,
सापडल्यावरही नाही.

सकाळी म्हणाला, होता तसा लावूया.
मी म्हटलं, लाव.
पण खाऱ्या वाऱ्याने आकडे गंजले होते,
मधला आणि लांबचा एकमेकांना धरून बसलेले.
तो ओढायला लागला.
टगवरचा माणूस, आयुष्य ओढण्यात गेलेलं,
मान लाल, पाय फरशीवर घसरतायत,
पाठोपाठ दोन्ही तुकडे घसरतायत, सुटत नाहीत.
"ओढू नको," मी म्हटलं.
इनास आता नाही. त्याचं वाक्य माझ्या तोंडून आलं,
माझ्या आवाजात जरा रागीटच वाटलं.

खोबरेल ओतलं. थांबलो. चहा झाला.
मग त्याने एक टोक धरलं, मी दुसरं,
आधी माझं वर गेलं, त्याचं नाही.
मग त्याचं, तर माझ्या हातून निसटलं.
चौथ्या की पाचव्या वेळी दोघांचं एकदम,
आणि कर्रकन् आवाज करून ते सुटलं.

मधल्या फटीत: खोडरबर, कोळंबीची एक मिशी,
माझी हरवलेली कुडी, दोन रुपये,
आणि कुठून कशी आली ती, बोटभर वाळूची रेघ.

झाडू आणायला उठले तर म्हणाला, ऱ्हवांदे.
तो एका तुकड्यावर बसला, मी दुसऱ्यावर,
पाय दोघांचे मधल्या फटीत, वाळूवर.
कोपऱ्याचा तुकडा अजून दाराशीच होता.
अस्मी शाळेतून आली, त्याच्यावर दप्तर टाकलं
आणि विचारलं, आज कसं लावायचं?